बटाट्याच्या देशात कसली आलीय पाककला?

ग्रीसला जाऊन कुणी मुसाका शिकून आलं, इटलीत जाऊन पास्ता लाटून आलं, तर आपल्याकडे त्याचं कौतुक होतं. पीठ माखलेल्या हातांचे फोटो घरोघर फिरतात, पुढच्या भिशीला तो पदार्थ करून दाखवण्याची फर्माईश होते. पण तेच कुणी आयर्लंडच्या सहलीतला अर्धा दिवस काढून सोडा ब्रेड आणि कोलकॅनन शिकून आल्याचं सांगितलं, की बैठकीतला सूर बदलतो. ‘बटाट्याच्या देशात कसली आलीय पाककला?’ हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, की त्याला एकदाचं सविस्तर उत्तर दिलेलं बरं.

या एका प्रश्नाच्या पोटात खरं तर तीन आक्षेप आहेत. पहिला आयर्लंडवरचा: बटाटे उकडून खाणाऱ्यांकडून शिकायचं काय? दुसरा अशा सगळ्याच वर्गांवरचा: खरा स्वयंपाक घरात असतो, आईकडून मुलीकडे जातो, पर्यटकांना ॲप्रन बांधून तीन तासांत जे शिकवतात तो नुसता खेळ. तिसरा खिशाचा: जे मोबाइलवर फुकट बघायला मिळतं त्याला युरो कशाला मोजायचे? आक्षेप घेणारी माणसं खुळी नाहीत. दुसऱ्या आक्षेपात तर बरंच तथ्य आहे, आणि ते मी पुढे मान्यही करणार आहे. पण तिन्ही आक्षेपांखाली एकच समजूत दडलेली आहे, की परंपरा आपोआप चालत येते, ती शिकवावी लागत नाही, आणि शिकवलीच तर तिचे पैसे मागू नयेत. ही समजूत साफ खोटी आहे. ती खोटी ठरवण्यासाठी आयर्लंडइतका चांगला साक्षीदार नाही.

आधी बटाट्याचं बघू. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या वडिलांचं मालवण तालुक्यातलं वराड गाव आपल्याकडे एका रात्रीत प्रसिद्ध झालं. त्या देशाशी आपण हक्काने नातं जोडलं. मात्र तिथली माणसं काय रांधतात याची चौकशी कुणी केली नाही. बटाट्यापाशीच सगळ्यांचं ज्ञान संपलं.

आणि बटाट्यावरून हसायचा अधिकार तर मराठी माणसाला मुळीच नाही. आषाढी एकादशीचं ताट आठवा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, तोंडी लावायला मिरचीचा ठेचा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची, ही पाचही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागण्याआधी यांतलं काहीच इथल्या स्वयंपाकघरात नव्हतं. तरी आज विठोबाच्या उपासाला घरचे गहू-तांदूळ चालत नाहीत आणि हे सगळं चालतं! त्यालाच आपण आजीच्या काळापासूनची परंपरा म्हणतो. आयरिश माणसाने बटाट्याला आपलं म्हटलं की मात्र आपल्याला हसू येतं.

शिवाय आयर्लंडचा गरीब माणूस बटाट्यावर आला तो हौसेने नव्हे. बटाटा तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचला. पुढच्या दोनशे वर्षांत चांगली जमीन जमीनदारांच्या गुरांना आणि धान्याला गेली, आणि कुळाच्या वाट्याला हलक्या जमिनीचा तुकडा राहिला. त्या तुकड्यात घरादाराचं पोट भरेल असं एकच पीक होतं. देशात बाकी काही पिकत नव्हतं असं नाही. कॉर्क शहरात १७७० साली लोण्याचा बाजार सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकात तो जगातला सर्वांत मोठा लोणीबाजार म्हणून ओळखला गेला. आसपासच्या मुलखातलं खारवलेलं लोणी लाकडी पिंपांत भरून तिथे यायचं, पारखलं जायचं, त्याची प्रत ठरायची आणि ते जहाजांतून दूरदेशी जायचं. लोणी बाजारात जायचं, ताक घरात राहायचं. ताक आणि बटाटे, हेच कुळाचं जेवण.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते, १८५१ ला ६५ लाखांच्या आसपास उरले. अशा वेळी स्वयंपाकाचं काय होतं, हे तपशिलात बघण्यासारखं आहे. ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून मका मागवला. तो इतका टणक होता, की पुन्हा पुन्हा दळावा लागे, आणि कसाबसा शिजवून खाल्ला तर पोटं बिघडत. तो शिजवायचा कसा हेच कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सरकारला सूचना छापून वाटाव्या लागल्या. पिढ्यान् पिढ्या बटाटे उकडण्यापलीकडे ज्या चुलीवर काही चढलंच नाही, त्या चुलीजवळ वाढलेल्या मुलीला आई दुसरं काय शिकवणार? ‘आईकडून मुलीकडे’ हा प्रवाह फार सुंदर खरा; पण तो आटतो. दुष्काळ त्याला आटवतो, सक्तीचं स्थलांतर आटवतं, आणि हल्ली कामाच्या वेळा आटवतात.

इथून मी दुसऱ्या आक्षेपाकडे वळते, कारण प्रवाह आटल्यावर आयर्लंडने जे केलं त्यातच त्याचं उत्तर आहे. त्यांनी वर्ग काढले.

१८९९ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये शेती आणि तांत्रिक शिक्षणाचं खातं स्थापन झालं, आणि होरेस प्लंकेट यांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून शिकवणाऱ्या शिक्षिका नेमल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या काही फक्त स्वयंपाक शिकवत. फ्लॉरेन्स अर्विन ही अशीच एक, डाउन काउंटीत खेडोपाडी हिंडणारी. गावच्या बायकांना नव्या रीती शिकवता शिकवता ती त्यांच्याकडून जुन्या रीती टिपून घेत गेली, आणि १९४९ साली तिचं ‘द कुकिन वुमन’ हे पुस्तक आलं. उत्तर आयर्लंडच्या घरगुती स्वयंपाकाचा आज जो लेखी आधार मानतात, तो या सरकारी नोकरीतल्या शिक्षिकेने गोळा केलेला आहे. १९१० मध्ये वेक्सफर्ड काउंटीतल्या ब्री गावात शेतकरी बायकांची संघटना उभी राहिली. आज ती आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन म्हणून ओळखली जाते. तिने १९५४ साली लाउथ काउंटीत टर्मनफेकिनला ‘अन ग्रिनान’ हे निवासी शिक्षण केंद्र सुरू केलं. गावोगावच्या बायका तिथे राहायला येत आणि विणकाम, हस्तकला, स्वयंपाक शिकून घरी जात. आता सांगा, या बायकांच्या नातींनी ‘आजीची रीत’ म्हणून जे जपलं, त्यातलं घरातलं किती आणि वर्गातलं किती, हे कोण निवडून वेगळं करणार?

त्यानंतर बॅलिमलूचा अध्याय येतो. १९६४ साली कॉर्क काउंटीतल्या शॅनागॅरीजवळ मर्टल ॲलन या शेतकऱ्याच्या बायकोने बॅलिमलू या आपल्या राहत्या घरातच भोजनगृह उघडलं. शेतात आज काय निघालं आणि बॅलिकॉटनच्या धक्क्यावर कोणती मासळी आली, ते बघून रोजचा बेत ठरायचा. त्या काळी आयर्लंडमध्ये उत्तम जेवण म्हणजे फ्रेंच जेवण असा रिवाज होता. मर्टलने घरचं लोणी, घरच्या भाज्या, गावची मासळी पानात वाढली आणि १९७५ साली त्या स्वयंपाकघराला मिशेलिनचा तारा मिळाला. तिची सून डॅरिना ॲलन आणि डॅरिनाचा भाऊ रोरी ओ’कॉनेल यांनी १९८३ मध्ये तिथेच पाकशाळा काढली. शंभर एकरांच्या सेंद्रिय शेताच्या मधोमध असलेल्या या शाळेत बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, आणि वाटेवरच्या प्रवाशासाठी अर्ध्या दिवसाचे वर्गही आहेत. मुलांना ओळख करून देतात ती सर्वांत आधी मातीची आणि कंपोस्ट खताची.

या शाळेतला एक किस्सा डॅरिना ॲलनने स्वतःच सांगितला आहे. एका विद्यार्थिनीने साय घुसळता घुसळता जास्त घुसळली. साय बिघडली असं समजून मुलगी ती टाकून द्यायला निघाली होती. डॅरिनाने तिला थांबवलं, तीच साय आणखी घुसळून दाखवली आणि लोणी काढलं. साय घुसळल्यावर लोणी येतं, ही गोष्ट पाकशाळेत आलेल्या मुलीला ठाऊक नव्हती, आणि तीही जगाला लोणी पुरवणाऱ्या कॉर्कमध्ये! त्यातून ‘विसरलेली कौशल्यं’ शिकवणारे वर्ग सुरू झाले: लोणी काढणं, कोंबड्या पाळणं, मांस खारवणं. २००९ साली त्याच नावाचं जाडजूड पुस्तकही आलं. मला त्या किश्शातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. लोण्याचं ज्ञान घरात हरवलं होतं आणि वर्गात सापडलं. ‘घरातलं ते खरं आणि वर्गातलं ते खोटं’ म्हणणाऱ्यांनी या सायीचं काय करायचं ते सांगावं.

बरं, ज्या ग्रीसचा दाखला देऊन आयर्लंडला हिणवतात, त्या ग्रीसची गोष्ट तरी वेगळी आहे का? मुसाक्यावर बेशामेल सॉसचा जो जाड पांढरा थर असतो, ज्याच्यावाचून पर्यटकाला मुसाका खरा वाटत नाही, तो रूढ केला निकोलाओस त्सेलेमेंतेस या आचाऱ्याने, १९२० च्या दशकात. हा युरोप-अमेरिकेत काम करून आलेला, फ्रेंच वळणाचा माणूस. त्याच्या पुस्तकावरून ग्रीक गृहिणी शिकल्या आणि त्यांच्या नाती आता आपल्याला ‘आजीचा मुसाका’ शिकवतात. आपल्याकडे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं, आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेलं ते पुस्तक किती मुलींच्या सामानातून सासरी आणि परदेशी गेलं असेल! ‘आमच्या आईच्या हातची’ म्हणून ज्या अनारशांची वाखाणणी होते, त्या आईच्या ओट्यावर तेलाचे डाग पडलेलं ‘रुचिरा’ असतंच. त्याने आईची थोरवी कमी होत नाही. परंपरेच्या साखळीत एखादी शिक्षिका, एखादं पुस्तक, एखादा वर्ग नेहमीच असतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता मघाशी कबूल केलेलं तथ्य. पर्यटकांसाठीच्या वर्गांत थापा मारतात, हे खरं आहे. सोडा ब्रेडवर सुरीने फुली मारली, की ‘पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून’ असं हमखास सांगतात, आणि टाळ्या पडतात. फुलीचं खरं काम साधं आहे: जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचते, आणि भाजल्यावर पावाचे चार तुकडे हाताने मोडता येतात. या पावाला ‘प्राचीन केल्टिक’ म्हणणं ही तर शुद्ध बनवाबनवी. खायचा सोडा हा रसायनाच्या कारखान्यातला माल. तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वस्त झाला, आणि त्यानंतरच हा पाव आयर्लंडभर पसरला. कॉर्न्ड बीफ आणि कोबी हे सेंट पॅट्रिकच्या सणाचं सनातन आयरिश जेवण, हीसुद्धा अमेरिकेत गेलेल्या आयरिशांची कथा. मायदेशी त्या जागी खारवलेलं डुकराचं मांस आणि कोबी असतो. अशा गोष्टी ऐकवणारा वर्ग भेटला तर त्याची जरूर टर उडवा. मात्र ती गोष्टीची उडवा. पीठ भिजवण्याची रीत त्या गोष्टीमुळे खोटी होत नाही.

अन्नाचा तमाशा होऊ शकतो, याचा याहून काळा दाखला आयर्लंडच्याच इतिहासात आहे. १८४७ साली, दुष्काळाच्या ऐन भरात, लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित आचारी अलेक्सिस स्वायर डब्लिनला आला. सैनिकी बराकीसमोर त्याने नमुन्याचं सूपघर उभारलं. त्याच्या एका पाककृतीत दोन गॅलन पाण्याला पाव पौंड मांस होतं. उद्घाटनाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली, आणि पाच-पाच शिलिंग देऊन त्यांनी गरिबांना सूप पिताना पाहिलं. अन्नाशी बाहेरच्या माणसाचा संबंध किती हिडीस होऊ शकतो, ते यात दिसतं: एक जण खातो, दुसरा पैसे देऊन बघतो. पण हाच दाखला माझ्या बाजूने साक्ष देतो. तमाशा होतो तो बघण्यातून. वर्गात जाणारा माणूस बाह्या सरसावून पिठात हात घालतो, त्याला शिकवणाऱ्याचं ऐकावं लागतं आणि जमलं नाही तर सर्वांसमोर हसं होतं. एरवीच्या सहलीत आपण बसच्या काचेतून यजमानांकडे बघत असतो, आणि जेवायला टूरबरोबर आलेल्या महाराजांच्या हातचा वरणभात असतो. त्या सहलीत तासभर तरी शिष्य होऊन उभं राहणं, यात खेळ कुठे आला?

तिसरा आक्षेप पैशांचा. मोबाइलवर सगळं फुकट आहे, हे खरंच. सोडा ब्रेडचे जिन्नस तरी किती? साडेचारशे ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा सोडा आणि साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर ताक. एवढ्यासाठी वर्ग? हो, एवढ्यासाठीच. जिन्नस जितके कमी, तितका भार हातावर. ज्वारीचं पीठ आणि पाणी एवढ्या दोनच जिन्नसांच्या भाकरीने किती सुशिक्षित सुनांना रडवलं आहे, हे का मी सांगायला हवं?

कॉर्क काउंटीतल्या एका शेतघरात मी पाहिलेला वर्ग सांगते. शिकवणारी बाई साठीच्या पुढची, गावातलीच. आमच्यात पुण्याच्या एक काकू होत्या, चाळीस वर्षं रोजच्या पोळ्या केलेल्या. बाईंनी मैद्यात सोडा चाळून घेतला, मधे खळगा केला, ताक एकदम ओतलं आणि बोटं ताठ फाकवून हात नुसता गोल फिरवला. पीठ जेमतेम एकत्र आलं, की थांबल्या. काकूंची पाळी आली. ताक पडल्याबरोबर त्यांचा तळवा पिठात रुतला आणि सवयीने मळणी सुरू झाली. बाईंनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. “अगं, हिला सांग ना, न मळता पिठाला चिकटपणा येईल कसा?” काकू मला म्हणाल्या. मी विचारलं. उत्तर आलं: चिकटपणा यायलाच नको आहे. पोळीला जो चिवटपणा हवा असतो तो मळून येतो. या पावाला तो मारक. ताकातलं आम्ल सोड्याला भेटलं, की त्याच क्षणी वायूचे बुडबुडे सुटायला लागतात. ते पिठात आहेत तोवर गोळा भट्टीत जायला हवा. मळत बसलात तर बुडबुडेही गेले आणि पाव दगड झाला. आयर्लंडच्या ओल्या हवेत येणारा गहू मऊ, त्यात चिवटपणा आधीच कमी. यीस्टच्या उंच पावाला तो पुरत नाही, आणि या पावाला नेमका हवा असतो. हवा, गहू, लोणी काढून उरलेलं ताक आणि स्वस्त सोडा, हे सगळं त्या एका थांबवलेल्या मनगटात होतं. हे कुठल्या व्हिडिओत दिसतं? व्हिडिओ आपलं मनगट धरत नाही.

पाव २३० अंशांवर पंधरा मिनिटं भाजून आच २०० वर आणली गेली. अर्ध्या तासाने तो उलटा करून बाईंनी पाठीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला तर झाला, हे त्यांनी सांगितलं. पण पोकळ म्हणजे केवढा पोकळ, ते ऐकावंच लागलं. काकूंनी दुसऱ्या एका पावावर बोट वाजवून “अजून कच्चा आहे” असं मराठीतच सांगितलं, आणि तो कच्चाच निघाला. पुढे ताकाचा विषय निघाला. काकू घरी विरजण लावून, घुसळून ताक करतात, हे ऐकल्यावर बाईंनी त्यांना बसवून घेतलं. बाईंच्या घरी आईच्या वेळेनंतर लोणी घुसळलं गेलेलं नव्हतं. ताक दुकानातल्या पुठ्ठ्याच्या डब्यातलं. विरजण किती, पाणी किती, घुसळताना गार की कोमट, असे प्रश्न सुरू झाले आणि काकू उत्तरं देत राहिल्या. फ्लॉरेन्स अर्विनच्या वहीत शंभर वर्षांपूर्वी जे चाललं होतं, ते हेच.

पैशांचा आक्षेप घेणाऱ्यांना माझा एक उलट प्रश्न आहे. पुण्यात अय्यंगारांची योगसंस्था १९७५ पासून आहे. जगभरातून माणसं विमानाची तिकिटं काढून तिथे शिकायला येतात, फी भरतात. त्यांना ‘योग मोबाइलवर फुकट आहे’ असं आपण सांगतो का? महिनाभरात तुम्हाला काय कळणार, म्हणून परत पाठवतो का? उलट अभिमानाने छाती फुगवतो. हाताने कान धरून शिकवलेलं आसन आणि पडद्यावर पाहिलेलं आसन यांतला फरक आपल्याला लगेच पटतो. पोहणं, तबला, गाडी चालवणं, सगळ्याला आपण मुकाट्याने फी देतो. फक्त स्वयंपाक शिकवण्याचे पैसे म्हटले की कपाळाला आठी पडते. कारण उघड आहे. हे काम बायकांनी घरात फुकट केलं, फुकट शिकवलं, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीला किंमत नसते अशी आपली खात्री झाली. आयर्लंडच्या वर्गाची फी आपल्याला खुपते, ती युरोच्या भावामुळे नाही.

म्हणून जाणाऱ्याला माझा सल्ला सोपा आहे. जिथे नुसतं बघायचं आणि शेवटी खायचं असतं तिथे जाऊ नका. पीठ तुमच्या हातात देतात तिथे जा. ताक, लोणी, भाज्या कुठून येतात ते विचारा. ‘हजारो वर्षांपूर्वीची रीत’ असं कुणी म्हणालं तर गालातल्या गालात हसा आणि हात चालू ठेवा. शाकाहारी असाल तरी बिघडत नाही. सोडा ब्रेड आहे, कोबी किंवा केल घालून लोण्यात घोटलेला बटाट्याचा कोलकॅनन आहे, किसलेला कच्चा बटाटा आणि उकडलेला बटाटा एकत्र करून तव्यावर घातलेली बॉक्स्टी आहे.

आणि परत आल्यावर आपल्याकडे बघा. कृषी पर्यटन केंद्रात आपण जातो, चुलीजवळ बसलेल्या बाईचा भाकरी थापतानाचा फोटो काढतो, पिठलं-भाकरी-ठेचा खातो, बिल देतो आणि निघतो. तिच्यासमोर परात घेऊन कुणी बसत नाही. पीठ किती जुनं चालतं, पाणी किती गरम हवं, चीर पडली तर काय करायचं, हे तिला कुणी विचारत नाही, आणि शिकवण्याचे पैसे मागायचं तिच्या स्वप्नातही येत नाही. उद्या तिची मुलगी शहरात नोकरीला जाईल आणि पीठ थापायला बसणार नाही. तिने बसावंच असं म्हणायचा हक्कही आपल्याला नाही. मग भाकरी शिकवणार कोण? शॅनागॅरीला जे १९८३ मध्ये उमगलं, ते आपल्याला उमगायला हवं: तीन तासांचा वर्ग, परात ज्याची त्याची, आणि फी त्या बाईने ठरवलेली. असे वर्ग मालवणला, मंगळवेढ्याला, जळगावला गावोगाव निघू देत, आणि आपण पैसे मोजून त्यांत बसू या. त्या फीची पावती ज्याच्या खिशात असेल, त्याने आयर्लंडच्या बटाट्याला खुशाल नावं ठेवावीत.